अपुऱ्या दिवसांच्या बाळांना चोखण्याचा सराव उपयुक्त

बंगळुरूच्या वाणी विलास या शासकीय रुग्णालयात २०२२ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. मात्र दूध उपलब्ध असले तरी अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते लगेच ओढून पिता येत नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारणतः गर्भावस्थेच्या ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोपर्यंत दूध बहुधा नळीवाटे दिले जाते.

या काळात बाळाला चोखणी चोखू दिल्यास ते तोंडाने दूध पिण्यास लवकर शिकते आणि त्याचा रुग्णालयातील मुक्काम घटतो, असे कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात आढळले. चोखणीऐवजी, दूध काढून घेतलेल्या मातेच्या स्तनावरही हा सराव करता येतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा.