दातेरी पट्ट्याचे आयुष्य

कोल्हापूर जसे कुस्तीसाठी प्रसिद्ध आहे, तसेच यंत्रकामासाठीही. तेथील शिवाजी उद्यमनगरात इंजिनांचे भाग घडविणारे अनेक कारखाने आहेत. मोटारीच्या इंजिनाची पारख असलेला मेस्त्री, गाडी उत्तम चालत असली तरी, मालकाला विचारतो, ‘‘गाडी किती किलोमीटर धावली? पट्टा कधी बदलला?’’ हा प्रश्न कशासाठी, ते पाहू.

इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या वेगाने खालीवर होत असतो आणि त्यामुळे खालचा दांडा फिरतो. नळकांड्याच्या माथ्यावरील झडपा हवा आत घेतात व जळालेला वायू बाहेर सोडतात. त्या झडपा उघडणारा दांडा वेगळा असतो. पुष्कळ मोटारींत या दोन दांड्यांना रबराचा एक दातेरी पट्टा जोडतो. यालाच टायमिंग बेल्ट म्हणतात. खालच्या दांड्याचे दोन फेरे होतात, तेव्हा झडपांच्या दांड्याचा बरोबर एक फेरा व्हावा लागतो. लेझीम खेळणारी मुले हलगीच्या ठेक्यावर पावले टाकतात, तसे हे भाग पट्ट्याच्या तालावर चालतात. खालचा दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या सेकंदाला ५० वेळा वर येतो!

हलगी थांबली, तर केवळ खेळ थांबतो. पट्टा तुटला, तर मात्र अनेक इंजिनांत उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्ट्या आदळतो, झडपा वाकतात आणि गाडी जागच्या जागी बंद पडते. कोकणातून येणारी मोटार भर पावसात आंबा घाट चढत असता असे घडले, तर आतील माणसांवर केवढा प्रसंग ओढवेल!

उष्णता, तेलाचे थेंब आणि वय यांनी रबर कडक होते व त्याला चिरा पडतात. परंतु पट्टा झाकणाआड असतो आणि कित्येकदा कोणतीही सूचना न देता तुटतो. म्हणून तो तुटण्याची वाट न पाहता हिशेबाने बदलावा लागतो. ही मर्यादा साधारणतः ६०,००० ते १,६०,००० किलोमीटरच्या दरम्यान असते. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. गाडी कमी धावली, तरी ठरावीक वर्षांनंतर पट्टा बदलावाच लागतो. पट्टा ताणून धरणारे चाकही त्याच वेळी बदलणे हिताचे असते.

काही मोटारींत पट्ट्याऐवजी पोलादी साखळी असते. ती अधिक काळ टिकते. मात्र तिच्यासाठी इंजिनातील तेल वेळच्या वेळी बदलावे लागते.

गाडी कुरकुरत नाही, एवढ्यावरून तिचे सर्व भाग धड आहेत असे समजू नये. पट्टा बदलल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवणारा मालक निर्धास्तपणे घाट चढू शकतो.