पुसलेल्या ओळींचा तपास

हरवलेल्या किशोरवयीन मुलीचा शोध हा रहस्यपटांचा जुना विषय असला, तरी अनीश चगंटी या दिग्दर्शकाच्या २०१८ सालच्या ‘सर्चिंग’ या अमेरिकी चित्रपटात त्या शोधाची जागाच बदललेली आहे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे राहणारा डेव्हिड किम हा विधुर बाप आपल्या सोळा वर्षांच्या मार्गोला शोधत असताना प्रेक्षकाला जे काही दिसते, ते संगणकाच्या, मोबाइलच्या किंवा अशाच एखाद्या उपकरणाच्या पडद्यावरून दिसते. या कथनपद्धतीला ‘स्क्रीनलाइफ’ म्हणतात.

रात्री मार्गोने केलेले फोन झोपलेल्या बापाला ऐकू आलेले नसतात. पुढे तिचा ठावठिकाणा लागेना म्हणून तो पियानोच्या शिक्षिकेकडे चौकशी करतो, तेव्हा मार्गोने शिकवणी सहा महिन्यांपूर्वीच सोडल्याचे कळते. शिकवणीचे पैसे मात्र ती घरातून घेतच राहिलेली असते. घरी राहिलेल्या तिच्या लॅपटॉपवरून तो एकेक खाते उघडतो (पासवर्ड विसरल्याचे कळवून नवा मिळवण्याची सर्वपरिचित सोय येथे तपासाचे साधन बनते) आणि ज्यांना तो तिचे मित्र समजत होता, त्यांच्याशी तिची फारशी जवळीक नव्हतीच, हे त्याच्या ध्यानात येते. तपास अधिकारी रोझमेरी व्हिक मुलीची माहिती मागते, आणि ती देण्यासाठी बापालाच आधी मुलीची ओळख करून घ्यावी लागते. गुन्ह्याच्या उकलीपेक्षा ही ओळख अधिक अस्वस्थ करणारी आहे.

अवघ्या १३ दिवसांत चित्रीकरण झालेल्या या चित्रपटाचा खरा कस संकलनात लागला, कारण कादंबरीत मनोगताने आणि नाटकात स्वगताने जे साधते, ते येथे कर्सरकडून, म्हणजे पुढचे अक्षर कोठे उमटेल हे दाखवणाऱ्या लुकलुकत्या रेघेकडून, करवून घ्यायचे होते. मुलीचा अभिमान वाटतो असे कळवल्यावर डेव्हिड तिच्या दिवंगत आईचा उल्लेख करणारी ओळ लिहितो, थबकतो आणि न पाठवताच पुसून टाकतो. या पुसण्याचे मूळ चित्रपटाच्या आरंभी दिसून गेलेले असते: कर्करोगाशी झुंजणारी आई रुग्णालयातून घरी येण्याचा दिवस मार्गोने संगणकाच्या दिनदर्शिकेत नोंदवलेला असतो, तो ती पुढे ढकलते आणि अखेरीस ती नोंदच काढून टाकते.