दहा लाखांची ओळ

आमच्या सोसायटीत पाणी सोडण्याच्या वेळेचा एक ठराव आहे. मुदत ‘पुढील सभेपर्यंत’. पुढील सभा कितीतरी झाल्या, अध्यक्ष बदलले, ठराव आहे तिथेच आहे आणि त्याला हात लावू म्हणणाऱ्यावर दोन्ही विंगा तुटून पडतात. काही वर्षं सेक्रेटरी होतो, म्हणून सांगतो. त्यामुळेच असेल, बिटकॉइनच्या भावात माझं मन कधी रमलं नाही. एका रुपयाचंही बिटकॉइन मी घेतलेलं नाही. मला नाद लागला तो त्याच्या प्रोग्रॅममधल्या एका ओळीचा.

१५ जुलै २०१० रोजी सातोशी नाकामोटो या टोपणनावाने वावरणाऱ्या निर्मात्याने (बाई, बुवा की मंडळी, देव जाणे) प्रोग्रॅममध्ये काही बदल केले. सोबतच्या टिपणात भलत्याच किरकोळ दुरुस्त्यांचा उल्लेख होता. त्या बदलांतच, काही न सांगता-सवरता, ही ओळ येऊन बसली: ब्लॉकचा कमाल आकार १००००००. दहा लाख बाइट, म्हणजे एक एमबी. ब्लॉक म्हणजे सर्वांच्या सामाईक वहीचं एक पान, साधारण दर दहा मिनिटांनी लिहिलं जाणारं. एक साधा व्यवहार अडीचशे बाइटचा धरला, तर पानावर चार हजार नोंदी मावतात, सेकंदाला जेमतेम सात. कुणी खोडसाळपणे कचरा भरून वही फुगवू नये म्हणून ही मर्यादा आली, असा बहुतेकांचा कयास. तेव्हा पानं जवळजवळ कोरीच जायची. कुणाला अडचण होण्याचं कारणच नव्हतं.

अडचण दिसली एकाला, जेफ गार्झिकला. लिनक्सच्या गाभ्यावर काम केलेला हा प्रोग्रॅमर ऑक्टोबर २०१० मध्ये म्हणाला की, ही मर्यादा आत्ताच वाढवून ठेवू, निदान पेपालइतके व्यवहार पेलता येतील इतकी. टाकी भरलेली असताना मोठी टाकी मागणारा हा माणूस मला तिथेच आवडला. लगेच विरोध झाला: एकट्याने नियम बदलला तर तुझी वही इतरांच्या वहीशी जुळणार नाही. सातोशीने दोन ओळींत मधला मार्ग सुचवला. गरज पडेल तेव्हा आगाऊ सांगून बदल करता येईल. समजा, १,१५,००० व्या ब्लॉकनंतर मोठी मर्यादा लागू. आकडा केवळ उदाहरणादाखल होता. तो ब्लॉक पुढच्याच वर्षी आला आणि गेला. २०११ च्या वसंतात सातोशीही गेला, तो कायमचा. ओळ राहिली.

पुढची चार वर्षं मी सोडून देतो. त्यांत चोऱ्या आहेत, बुडालेली एक्स्चेंजेस आहेत, भावाचे झोके आहेत, आणि ते सगळं आपण वर्तमानपत्रांत वाचलंय.

२०१५ पर्यंत पानं भरत आली आणि बिटकॉइनवाल्यांच्या घरात उभी भिंत पडली. एका बाजूचं म्हणणं, हे रोकड पैसे आहेत. कॉफीचे पैसे देता आले नाहीत, तर यांचा उपयोग काय? दुसरी बाजू म्हणे, घरच्या साध्या कम्प्युटरवर अख्खी वही तपासता येते, हाच तर सगळा मुद्दा. पान मोठं केलंत की वही फक्त गोदामवाल्यांकडे उरेल, मग आपल्या बँका काय वाईट होत्या? दोन्ही युक्तिवाद प्रामाणिक होते. भांडणं लांबतात ती म्हणूनच. माइक हर्न आणि गॅविन अँड्रेसन या बिटकॉइनच्या प्रोग्रॅमरांनी ऑगस्टमध्ये आठ एमबीपासून सुरू होऊन दर दोन वर्षांनी दुप्पट होणारा आराखडा आणला. तो चालला नाही. जानेवारी २०१६ मध्ये हर्नने प्रयोग फसल्याचं जाहीर केलं, आपली नाणी विकली आणि तो निघून गेला. तेव्हा भाव चारशे डॉलरच्या थोडा वर होता. मृत्युलेख जरा लवकरच लिहिला म्हणायचा.

गार्झिक मात्र थांबला. त्याने २०१५ मध्येच दोन प्रस्ताव दिले होते. एकात मर्यादा खाणवाल्यांच्या, म्हणजे यंत्रं लावून पानं लिहिणाऱ्यांच्या, मतांवर सोडायची होती. दुसरा अगदी साधा: एकदाच दोन एमबी करा आणि वाद मिटवा. दोन्ही पडले. त्याच डिसेंबरात हाँगकाँगच्या परिषदेत पीटर वुइले या प्रोग्रॅमरने तिसरीच युक्ती मांडली, सेगविट. व्यवहारावरची सही मुख्य मजकुरातून बाजूला काढायची आणि तिचं वजन कमी धरायचं. मर्यादेला हात न लावता पानावर जास्त नोंदी मावतात. युक्ती अशी की मला आमचे जुने हेडक्लार्क आठवले. पण ती लागू व्हायला ९५ टक्के खाणवाल्यांचा होकार हवा होता आणि तो काही केल्या येईना.

आता शाओलिनफ्राय. हे नाव कुणाचं, हे आजही जाहीर नाही. २०१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या अनामिकाने उलटाच प्रश्न विचारला: परवानगी खाणवाल्यांची मागायचीच कशाला? १ ऑगस्ट २०१७ पासून ज्या ब्लॉकवर सेगविटचा होकार नसेल, तो आपल्या कम्प्युटरने घ्यायचाच नाही. दूधवाल्यांनी दर ठरवायचा की घरवाल्यांनी? एक तारखेपासून ज्या किटलीवर शिक्का नाही, ती दारातून परत. यातली मेख उघड आहे. चाळीतल्या दोनच बिऱ्हाडांनी किटली परत पाठवली, तर दूधवाल्याचं काही बिघडत नाही, त्या दोन घरांत मात्र चहा होत नाही. हे लोक अल्पमतातच होते. पण त्यांनी लष्करी रंगाच्या टोप्या शिवून घेतल्या आणि तारीख काही हलवली नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये बड्यांनी समझोता केला. २२ देशांतल्या ५८ कंपन्या आणि खाणींची ८३ टक्क्यांहून अधिक ताकद. सेगविट घ्या आणि सहा महिन्यांत मर्यादा दुप्पटही करा. यासाठीचा प्रोग्रॅम लिहायला पुढे कोण आलं? गार्झिक! कोऱ्या पानांच्या काळात एकट्याने जे मागितलं, त्याच्यामागे आता अर्धा उद्योग उभा होता.

जुलैत, शाओलिनफ्रायची तारीख दाराशी आली असताना, खाणवाल्यांनी भराभर होकार दिला. टोप्यांमुळे की समझोत्यामुळे, यावर अजून हमरीतुमरी होते. माझ्या मते तारखेमुळे. समझोते पुढे ढकलता येतात, हे सेक्रेटरी राहिलेल्याला कुणी शिकवायला नको. १ ऑगस्टला मोठ्या पानांचे कट्टर समर्थक वेगळी चूल मांडून बिटकॉइन कॅश घेऊन निघून गेले. २४ ऑगस्टला, ४,८१,८२४ व्या ब्लॉकपासून, सेगविट लागू झालं. उरलं दुप्पट करण्याचं वचन, आणि तिथे समझोता फाटला. प्रोग्रॅम सांभाळणारे बहुतेक जण आणि घरोघर वही तपासणारे म्हणाले, आमची सही त्या कागदावर नाही. ८ नोव्हेंबरला बेत रद्द झाल्याचं पत्र निघालं. खाली सहा नावं होती आणि त्यांत एक जेफ गार्झिकचं.

हे पत्र मी किती वेळा वाचलं असेल, सांगता येत नाही. सात वर्षांत चौथी मागणी, आणि ती मागे घेणाऱ्यांत स्वतःच. वर आणखी एक गोष्ट घडली. ज्यांनी हा नवा प्रोग्रॅम तसाच चालू ठेवला होता, त्यांचे कम्प्युटर ठरलेल्या ब्लॉकच्या अलीकडेच अडकून बसले. मोजणीत चूक राहिली होती.

गार्झिकचं गणित बरोबर होतं, असं मी मानतो. त्याच डिसेंबरात भाव वीस हजार डॉलरला टेकला, तेव्हा एका व्यवहाराची सरासरी फी पन्नास डॉलरवर गेली. कॉफी विसराच, त्यात महिन्याचा किराणा आला असता. चुकला तो सह्या कुणाच्या घ्यायच्या यात. खाणवाले आले, कंपन्या आल्या, पण वही घरी ठेवणाऱ्याला त्या खोलीत कुणी बोलावलं नव्हतं. आणि तो बोलावता येण्याजोगाही नव्हता, कारण त्याचा ना पत्ता ना अध्यक्ष. लहान पानवाल्यांचा उर्मटपणा मला आजही सोसत नाही. पण आज सहाशे जीबीच्या पुढे गेलेली ती वही साध्या घरगुती कम्प्युटरवर मावते, हे श्रेय त्यांचंच. बिटकॉइन कॅशने पुढे मर्यादा ३२ एमबी केली. तिथली पानं बहुतेक रिकामीच जातात.

मूळ ओळ बघावी म्हणून मध्ये एकदा मी बिटकॉइनचा सध्याचा प्रोग्रॅम उघडला. ती तिथे नाही. सेगविटनंतर तिची जागा दुसऱ्या ओळीने घेतली आहे: ब्लॉकचं कमाल वजन ४००००००. त्या हिशेबात सहीच्या प्रत्येक बाइटचं वजन एक आणि बाकी मजकुराच्या प्रत्येक बाइटचं वजन चार धरतात. म्हणजे सह्या वगळून पानावर जास्तीत जास्त किती मजकूर मावतो, ते चाळीस लाखांना चाराने भागून पाहा.