जादा हवेचा हिशेब



मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. परंतु इंजिनाची ताकद ठरते ती मुख्यतः हवेवर. एक भाग पेट्रोल पुरते जाळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल वाटेल तितके ओतता येईल. हवा मात्र सिलिंडरात मावेल तेवढीच येणार. म्हणून लहान इंजिनाकडून मोठे काम करून घ्यायचे तर हवा दाबून भरावी लागते. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून हे करणारा पंप म्हणजे सुपरचार्जर. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० साली पेटंट घेतलेला या जातीचा पंप भट्ट्यांना वारा घालीत असे. मोटार तेव्हा जन्माला यायची होती.

१९८९ साली निघालेल्या माझ्दा एमएक्स-५ या दोन आसनी गाडीचे उदाहरण घेऊ. इंजिन १.६ लिटरचे. हौशी मंडळी तिला सुपरचार्जर बसवतात आणि तिथेच पंचाईत सुरू होते. मूळ यंत्रणा हवेच्या वाटेवरील एक झडप किती उघडली यावरून हवा मोजते. झडप पूर्ण उघडली की पुढची हवा तिला कळतच नाही. हवा वाढते, पेट्रोल वाढत नाही. म्हणून झडपेऐवजी दाब मोजणारा निराळा संगणक बसवायचा.

या संगणकाला अक्कल म्हणाल तर फार नाही. त्याच्याजवळ एक कोष्टक असते: आडवे इंजिनाचे फेरे, उभा हवेचा दाब, सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ घरे. प्रत्येक घरातील आकड्यावरून पेट्रोलची पिचकारी किती वेळ उघडी ठेवायची ते ठरते. हे आकडे बऱ्यापैकी भरणे यालाच ट्यूनिंग म्हणतात. धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारे उपकरण असते. समजा, एका घरात ६० हा आकडा आहे, आपल्याला प्रमाण १२ हवे आणि उपकरण १३.२ दाखवते. पेट्रोल एकदशांशाने कमी पडले. आकडा ६६ करा. त्रैराशिकच ते, शाळेतले.

मग भीती कसली? बाहेरचा दाब १०० किलोपास्कल धरला आणि पंपाने तो १४० केला, तर हवा ४० टक्के वाढली असे मात्र नव्हे. दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप हाताला चटका देतो तो याचमुळे. ३० अंशांची हवा आदर्श हिशेबानेसुद्धा ६० अंशांवर जाते, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ वर. अशी तापलेली, दाटलेली हवा आणि पेट्रोल थोडे कमी, की ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपणहून भडकते. याला नॉकिंग म्हणतात. तंबोरा लावताना तार तुटली तर दुसरी लावता येते. येथे पिस्टनची कड फुटते किंवा वितळते, आणि तेही ताशी शंभरच्या वेगात गाणे ऐकत बसलेल्या मालकाला कळण्याआधी!

म्हणून जाणता मनुष्य दाबाखाली पेट्रोल मुद्दाम जादा देतो, १४.७ ऐवजी साडेअकरा ते बाराच्या आसपास. जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेते. ठिणगीही तो उशिरा पाडतो. ढोबळ नियम असा, की चौरस इंचामागे दर जादा पौंड दाबाला सुमारे एक अंश उशीर. १४० किलोपास्कलला सहाएक अंश. कामाचा क्रमही ठरलेला: आधी नुसते उभे चालवून आकडे बसवायचे, मग हलका रस्ता, आणि दाबाची घरे सर्वांत शेवटी, कानावर कर्णयंत्र लावून नॉकिंग ऐकत. ठिणगी एकेक अंश पुढे आणायची. ताकद वाढेनाशी झाली की थांबायचे, आणि नॉकिंग आधी ऐकू आले तर मागे यायचे. उतावळे लोक दुसऱ्याच्या गाडीचे कोष्टक उतरवून घेतात. मला हा प्रकार दुसऱ्याचा चष्मा घालण्यासारखा वाटतो.

एक गोष्ट मात्र कोष्टकाच्याही हाती नाही. मिनिटाला ६००० फेरे असताना एका सिलिंडरची पाळी दर २० सहस्रांश सेकंदांनी येते. पिचकारीला याहून अधिक वेळ मिळूच शकत नाही. आकडा २२ मागू लागला तर काय करणार? मोठ्या पिचकाऱ्याच घ्याव्या लागतात. आणि त्या बसवल्या की संगणकाला त्यांचे माप आधी सांगावे लागते, नाहीतर उभ्या गाडीतही इंजिन पेट्रोलने गुदमरते. पंपाची पुली बदलून दाब वाढवला, तर कोष्टकाच्या वरच्या ओळी पुन्हा कोऱ्या समजायच्या आणि काम तेथून फिरून सुरू करायचे.