थर्ल्सचा हर्लिंग-संघ : खेळाडू, त्यांची घरे आणि गाडीभाडे

आयर्लंडातील एका गावच्या खेळावर बोलायला कामगार-संघटनेतला माणूस कशाला उभा राहिला, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो. डब्लिन शहरात १९१३ च्या ऑगस्टपासून १९१४ च्या जानेवारीपर्यंत मोठी टाळेबंदी झाली. सुमारे ३०० मालक एका बाजूला, सुमारे २०,००० कामगार दुसऱ्या बाजूला, आणि कामगारांचा पुढारी जिम लार्किन. चळवळीत पडलेल्या माणसाने तो इतिहास वाचलाच पाहिजे, म्हणून आम्हीही वाचला. पोलिसांच्या लाठ्यांपासून बचाव व्हावा म्हणून कामगारांनी आपले एक दल उभारले होते. बंदुका नव्हत्या, तेव्हा ते लोक खेळाच्या काठ्या खांद्यावर घेऊन कवायत करीत. ही काठी कसली, घरोघर ती कशी काय सापडत होती, याचा माग काढता काढता आम्ही डब्लिनहून निघून टिपररी परगण्यातल्या थर्ल्स गावी पोचलो.

त्या काठीला हर्ली म्हणतात आणि खेळाला हर्लिंग. अ‍ॅश नावाच्या झाडाचा बुंधा मुळाजवळ जिथे वळतो तिथूनच ती कापतात, म्हणजे लाकडाचे तंतू काठीच्या वाकाबरोबर वळतात आणि टोल्याचा हिसका सोसतात. सरळ फळीतून कापलेली काठी पहिल्याच टकरीत फुटेल. २०१२ साली आयर्लंडात या झाडावर बुरशीचा रोग आढळला आणि काठ्यांना लाकूड पुरेनासे झाले. आता बांबूच्या आणि कृत्रिम पदार्थांच्या काठ्याही मैदानात दिसतात. चेंडू मुठीत मावेल एवढा, आत बूच, वरून चामडे, आणि चामड्याची शिवण उंच उठलेली. आपल्याकडची पोरे विटी हवेत उडवून दांडूने टोलवतात. तीच करामत इथे पळता पळता करायची, तीही प्रतिपक्षाचा गडी अंगावर धावून येत असताना. दोन उंच खांब आणि त्यांना जोडणारी आडवी दांडी. चेंडू दांडीखालून गेला तर गोल, वरून गेला तर एक गुण. आज एका गोलाचे तीन गुण धरतात. प्रारंभी मात्र हिशेब निराळा होता. एक गोल कितीही गुणांना भारी पडत असे. गडीही बाजूला एकवीस असत. १८९२ साली ते सतरा झाले आणि १९१३ पासून पंधरा आहेत.

खेळ फार जुना. त्याला नियमांची आणि संघटनेची चौकट मिळाली ती थर्ल्समध्ये. १ नोव्हेंबर १८८४ रोजी तेथील हेज हॉटेलात एक बैठक झाली आणि गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था निघाली. हजर म्हणून सात जणांची नावे नेहमी सांगतात. त्यांत मायकेल क्यूसॅक हा शाळामास्तर, मॉरिस डॅव्हिन हा शेतकरी आणि नामांकित मल्ल-धावपटू, दोन पत्रकार, एक वकील, एक दगडकामाचा कंत्राटदार, आणि गंमत म्हणजे एक पोलीस अधिकारीही होता. पुढे याच संस्थेवर सरकारी गुप्तहेर डोळा ठेवून असत!

क्यूसॅकची तक्रार आमच्या कानाला ओळखीची वाटली. इंग्लंडातल्या बऱ्याच क्रीडासंस्था तेव्हा 'हौशी खेळाडू' या शब्दाची व्याख्या अशी करीत की कारागीर, यंत्रावर काम करणारा आणि मजूर हे त्यात बसूच नयेत. हाताने काम करणारा तो खेळाडू नव्हे! त्यातून स्पर्धा शनिवारी दुपारी ठेवायच्या, म्हणजे शेतमजूर आपोआप बाहेर. थर्ल्सच्या बैठकीतून निघालेल्या संस्थेने दार सर्वांना उघडले आणि सामने रविवारी ठेवले. थर्ल्समध्येच राहणारे आर्चबिशप क्रोक यांनी तिला आश्रय दिला. पार्नेल आणि मायकेल डेव्हिट हेही आश्रयदाते झाले. डेव्हिट म्हणजे १८७९ साली निघालेल्या लँड लीगचा जनक. १८८० साली मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला कुळांनी वाळीत टाकले आणि त्याच्या नावाचा शब्द जगभर झाला. १९०५ साली आपल्याकडे टिळकांनी बहिष्काराचे शस्त्र उचलले, तेव्हा तो इंग्रजी शब्द इथल्या सभांतून सर्वांना ठाऊक झालेला होता.

आता खुद्द संघाकडे वळू. तिकडे क्लब म्हणजे पैसे भरून सभासद व्हायचे ठिकाण नव्हे. पॅरिश, म्हणजे एका देवळाखालची चार वाड्या-वस्त्यांची मिळून गावकी, तीच क्लबची हद्द. ज्या गावकीत जन्म तिच्याच बाजूने खेळायचे, बहुधा जन्मभर. त्यामुळे संघाची यादी वाचणे म्हणजे गावच्या घरांची खानेसुमारी वाचणे होय. थर्ल्स हे डब्लिन-कॉर्क लोहमार्गावरचे बाजाराचे गाव. गावातले दुकानाचे गडी आणि भोवतालच्या खेड्यांतले शेतकरी-मजूर एकत्र खेळत. तेव्हा परगण्याचा वेगळा निवडक संघ नसे. परगण्यात जो क्लब जिंकेल तोच परगण्याच्या नावाने पुढे जाई.

१८८७ साली पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा जाहीर झाली. बारा परगण्यांनी नावे दिली, पण हर्लिंगला प्रत्यक्ष उतरले पाचच. संस्थेतही धर्मगुरूंचा पक्ष आणि क्रांतिकारकांचा पक्ष यांच्यात मोठी फूट पडली, आणि १८८७ चा अंतिम सामना १ एप्रिल १८८८ ला, ईस्टरच्या रविवारी, बिर या गावी झाला. एका बाजूला टिपररीतर्फे थर्ल्स, दुसऱ्या बाजूला गॉलवेतर्फे मीलिक. थर्ल्सच्या हिरव्या जर्सीवर छातीशी ताऱ्यांचा पुंजका भरलेला होता, असे वर्णन त्या वेळच्या वृत्तपत्रात आहे. हे भरतकाम नांगर धरणाऱ्या हाताचे नसावे. घरच्या आयाबहिणींनी दिव्याच्या उजेडात केलेले असावे, असे आम्ही धरून चालतो. कूलक्रूच्या टॉमी हीलीने गोल केला. अखिल आयर्लंडच्या अंतिम सामन्यातला तो पहिला गोल. गॉलवेची पाटी कोरी राहिली. जिंकणाऱ्या संघाचा कप्तान म्हणून जिम स्टेपल्टनचे नाव इतिहासात गेले.

परंतु त्या संघाचा कप्तान तोपर्यंत दुसराच होता. किलिनन या जवळच्या खेड्यातला डेनिस माहेर. (आपल्याला या आडनावाने सासर-माहेर आठवेल, तिकडे त्याचा उच्चार बहुधा 'मार' असा करतात, आणि टिपररीत ते घरोघर सापडते.) बिरला आगगाडीने जायचे होते. प्रवासखर्च कोणी द्यायचा यावरून वाद झाला, तो मिटला नाही, आणि माहेर व त्याच्यासोबतचे काही गडी गेलेच नाहीत. आधीचे सामने जिंकून संघाला तिथवर आणण्यात त्यांचा वाटा होता. अंतिम दिवशी ते घरी राहिले.

एवढ्याशा भाड्यासाठी केवढा मान घालवला, असे म्हणणारे आजही भेटतील. आम्हाला तसे वाटत नाही. गेली तीस वर्षे आम्ही फाटकावरच्या सभा घेतो. संघटना मोडते ती मोठ्या तत्त्वावर क्वचितच, ती मोडते चहाच्या बिलावर आणि गाडीभाड्यावर, कारण तिथे माणसाला आपली किंमत कळते. मैदानात तू गावाचा आणि स्टेशनावर तू तुझा, असे कोणी म्हटले तर स्वाभिमानी माणूस मागे फिरणारच. माहेरचे वागणे बरोबर होते की चूक, हा वाद थर्ल्सच्या लोकांनी घालावा. आमचे म्हणणे एवढेच की हा क्लब उभारणाऱ्यांत बिरला गेलेले एकवीस जसे मोजायचे, तसे किलिननला राहिलेलेही मोजायचे.

आणि पुढची गोष्ट तर रेल्वेशीच बांधलेली आहे. थर्ल्सच्या दुसऱ्या पिढीचा पुढारी टॉम सेंपल. जन्म १८७९ चा, ड्रोमबेन गावचा. नोकरी आगगाडीवर गार्डाची. त्याच्या काळी संघाला थर्ल्स ब्लूज म्हणत. १९०० साली तो टिपररीच्या विजेत्या संघात होता, १९०६ आणि १९०८ च्या विजयांत कप्तान होता. टिपररी अंतिम सामन्यात हरत नाही, असा लौकिक झाला होता. तो १९०९ साली किलकेनीने मोडला. सेंपल यांचे मोठे काम मात्र खेळ ओसरू लागल्यावरचे आहे. १९१० साली त्यांनी आणि आणखी काही मंडळींनी समिती करून गावचे प्रदर्शनाचे मैदान विकत घेतले. संघाला जर्सी उसनी मिळते, काठी शेजारी देतो, परंतु मैदान दुसऱ्याच्या मेहेरबानीवर असेल तर संघ कधीही रस्त्यावर येतो, हे गार्डाने ओळखले. पुढे स्वातंत्र्ययुद्धात रेल्वेतल्या नोकरीचा उपयोग करून त्यांनी क्रांतिकारकांचे निरोप पोचवण्याची व्यवस्था केली. १९४३ साली ते वारले. १९७१ साली त्या मैदानाला सेंपल स्टेडियम हे नाव दिले गेले. आज तिथे ४५ हजारांवर माणसे बसतात, आणि संस्थेच्या शताब्दीचा, १९८४ चा अंतिम सामना मुद्दाम तिथेच भरवला होता. आपल्याकडे रेल्वे-गार्डाच्या नावाचे एखादे स्टेडियम कोणाला ठाऊक असेल तर त्याने आम्हाला अवश्य सांगावे.

घराण्यांचे सांगायचे तर डॉइल घराणे पाहा. ब्लूजचाच वारसा सांगणाऱ्या थर्ल्स सार्सफील्ड्स क्लबचा टॉमी डॉइल पाच अखिल आयर्लंड विजयांचा मानकरी. १९४९ साली कॉर्कच्या ख्रिस्टी रिंगला, म्हणजे त्या काळच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूला, त्याने एकही गुण करू दिला नाही. त्याचा पुतण्या जिमी १९५८ ते १९७१ या काळात सहा विजयांत होता. चुलत्याचे पाहून पुतण्या शिकला, आणि यातल्या कोणालाही खेळण्याबद्दल पगार मिळाला नाही. आजही मिळत नाही. मैदानावर ऐंशी हजार प्रेक्षक तिकिटे काढून बसलेले असोत, रविवारी खेळणारा सोमवारी शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातो.

म्हणून गाडीभाड्याचा प्रश्न मिटलेला नाही. १९९९ साली परगण्यांच्या खेळाडूंनी आपली संघटना काढली. २००२ साली कॉर्कच्या हर्लिंगपटूंनी वागणुकीच्या आणि सोयींच्या प्रश्नावर चक्क संप केला. २०२२ साली वाद पेटला तो प्रवासखर्चावरून. आठवड्यात चारांहून अधिक सराव घेतले तर पुढच्या सरावांचा गाडीखर्च कोण देणार? खेळाडूंनी वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांच्याशी बोलणे बंद केले. बॉयकॉटच्या देशात बॉयकॉट! डेनिस माहेर बिरच्या गाडीत न बसल्याला तेव्हा १३४ वर्षे झाली होती.

जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर टिपररीने कॉर्कला हरवून अखिल आयर्लंडचा चषक घेतला. चषक उंचावणारा कप्तान थर्ल्स सार्सफील्ड्सचा होता, नाव रोनन माहेर. तो किलिननच्या डेनिसच्याच घराण्यातला, असा आमचा दावा नाही. त्या भागात हे आडनाव फार आहे. परंतु या खेपेला माहेर मैदानावर हजर होता.