राडारोड्यातली गुलाबी रेघ

पाडकामातून आलेला स्लॅबचा एखादा तुकडा घ्या, तो फोडा आणि ताज्या फुटलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थेलीनचं द्रावण फवारा. आतला भाग क्षणात भडक गुलाबी होतो. कडेचा पट्टा मात्र करडाच राहतो. जिथे रंग चढत नाही, तिथवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो. स्ट्रक्चरल ऑडिट करणारे या रेघेकडे काळजीने बघतात. ती सळईपर्यंत पोचली की सळईचं क्षारीय कवच संपतं, ओल लागताच ती गंजून फुगते आणि छताचे पोपडे खाली येऊ लागतात. जुन्या सोसायटीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

घर पोखरणारी हीच क्रिया, घर पाडून झाल्यावर, त्याच्या खडीला बळकटी देते. मला या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

राडारोडा क्रशरमधून काढला की खडी मिळते, पण ती खाणीतल्या खडीसारखी नसते. प्रत्येक खड्याला जुन्या सिमेंट-वाळूचा थर घट्ट चिकटलेला असतो. त्यात बारीक छिद्रं आणि चिरा असल्यामुळे तो पाणी पितो. माल घट्ट झाला म्हणून साइटवर वरून पाणी ओतलं की काँक्रीटची ताकद घटते. ती भरून काढायला सिमेंट वाढवलं, तर सगळ्या खटाटोपावरच पाणी पडतं. कारण काँक्रीटमधलं खरं प्रदूषण खडीत नसून सिमेंटमध्ये आहे. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वायू इंधनातून नव्हे, तर भट्टीत तापणाऱ्या चुनखडीतूनच सुटतो. खडी वाचवून सिमेंट जास्त लावणं हा तोट्याचाच व्यवहार.

म्हणून त्या चिकटलेल्या थराला पुन्हा कार्बन डायऑक्साइड पाजायचा. थरातलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड वायूशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे पुन्हा चुनखडीच. या बदलात त्याचं आकारमान सुमारे ११ ते १२ टक्क्यांनी वाढतं आणि छिद्रं आतून बुजतात. खडी घट्ट होते, पाणी कमी पिते, नव्या सिमेंटशी तिची पकड सुधारते. इथे सळई नसल्याने गंजाची भीती नाही. नव्या काँक्रीटमधल्या सळईला नवं सिमेंट सांभाळतं.

उघड्यावरच्या ढिगात हे आपोआपही होतं, पण फार सावकाश. फ्रान्समध्ये २०१८ साली सुरू झालेल्या ‘फास्टकार्ब’ प्रकल्पात फोडलेलं काँक्रीट सिमेंट कारखान्यात नेऊन धुराड्याच्या वायूत ठेवलं गेलं. यात ओलावा नेमका साधावा लागतो. माल कोरडा असेल तर क्रिया होत नाही, चिंब असेल तर वायू आत शिरत नाही. जाड खडीपेक्षा बारीक चुऱ्याने जास्त वायू शोषला, कारण जुनं सिमेंट चुऱ्यातच अधिक असतं. अर्थात सिमेंट बनताना सुटलेल्या वायूच्या मानाने परत येणारा वाटा थोडाच. खरी बचत होते ती नव्या मालात जादा सिमेंट घालावं लागत नाही म्हणून.

आपल्याकडे आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ पर्यंत २० टक्के पुनर्वापरित खडीला परवानगी दिली आहे. माझ्या मते खरी अडचण त्याच्याही आधी, पाडकामाच्या जागीच सुरू होते. विटा, फरशा, जिप्समचं फॉल्स सीलिंग, प्लायवूड सगळं एकाच डंपरमध्ये पडतं, आणि जिप्सम मिसळलेली खडी पुढे काँक्रीटला तडे पाडू शकते. स्लॅब आणि कॉलमचा माल वेगळा ठेवायला कंत्राटदाराला पैसे मिळाले, तरच तो वेगळा राहील.

उरतो तो बारीक चुरा. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याची वाट दाखवली. भंगार पोलाद वितळवणाऱ्या विद्युत भट्टीत चुना टाकावा लागतो. त्यांनी त्याऐवजी जुन्या सिमेंटची पूड टाकली. पोलादावर तरंगलेली मळी झपाट्याने थंड करून दळली, तर तिच्यापासून पुन्हा सिमेंट तयार झालं. म्हणजे एकाच स्लॅबची सळई आणि सिमेंट एकाच भट्टीत जातील, खाली पोलाद साचेल आणि वर सिमेंट तरंगेल.