एक वसाहत, दोन मागण्या : लाल मुंग्यांची चटणी आणि बागेची राखण

ओडिशातील मयूरभंज जिल्ह्याच्या 'सिमिलिपाल काई चटणी'ला २ जानेवारी २०२४ रोजी भौगोलिक मानांकन मिळाले. मुंग्या वाटून केलेल्या चटणीला मानांकन मिळाले, या नवलाईवरच बहुतेक बातम्यांचा भर राहिला. कीटकशास्त्राच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट मात्र निराळी आहे. ज्या मुंगीची ही चटणी होते, तीच मुंगी काजू आणि आंब्याच्या बागांत किडींवर राखण ठेवणारी एक जुनी मित्रकीटक आहे. मानांकनामुळे मागणी वाढली, तर ती भागवायची त्याच घरट्यांतून. म्हणून एकाच वसाहतीकडून चटणी आणि राखण ही दोन्ही कामे करून घेता येतील का, आणि कोणत्या मर्यादेत, याचा विचार विस्तार कार्यकर्त्यांनी आताच करणे इष्ट आहे.

या मुंगीचे शास्त्रीय नाव ओइकोफायला स्मॅराग्डिना. मराठीत आपण तिला विणकर मुंगी म्हणतो. कोकण-गोव्यात ओंबील, हुमला ही नावे ऐकू येतात. मयूरभंजमध्ये ती काई, झारखंडच्या काही भागांत देमता, तर बस्तरमध्ये चापडा. गडचिरोलीच्या दक्षिण भागातील माडिया गोंड समाजातही या मुंग्यांची चटणी परिचयाची आहे. बस्तर आणि भामरागड यांच्यामध्ये राज्याची सीमा असली, तरी जंगल आणि जेवण यांत फारसा खंड पडत नाही.

करण्याची रीत सर्वत्र जवळपास सारखीच आहे. साल, आंबा, जांभूळ, फणस अशा झाडांवरील पानांचे घरटे फांदीसह कापून पाण्याच्या भांड्यात किंवा कापडात झटकतात. मुंग्या, अळ्या आणि कोष वेगळे करून पाने-काड्या काढून टाकतात. मग पाट्यावर मीठ, मिरची, आले, लसूण आणि असेल तर कोथिंबीर घालून सर्व एकत्र वाटतात. बस्तरच्या आठवडी बाजारांत मुंग्या आणि चटणी पानांच्या द्रोणात विकायला ठेवलेली दिसते. भात, पेज किंवा नाचणीच्या पदार्थांसोबत ती थोडीथोडी लावून खाल्ली जाते. चिंच, कोकम किंवा कैरी घातलेली नसतानाही तिला जो तरतरीत आंबटपणा येतो, तो मुंगीच्या पोटातून येतो.

विणकर मुंगीला नांगी नसते. ती जबड्याने चावा घेते आणि पोटाच्या टोकातून जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडते. या आम्लाचे नावच मुळी मुंगीच्या लॅटिन नावावरून, 'फॉर्मिका'वरून आले. मुंग्यांचे ऊर्ध्वपातन करून असे आम्ल मिळते, ही नोंद इंग्लिश निसर्ग-अभ्यासक जॉन रे यांनी १६७१ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे बागेत काम करणाऱ्याच्या हाताची जी आग होते आणि जेवताना जिभेला जी चव येते, ती दोन्ही एकाच ग्रंथीची देणगी आहे.

पोषणमूल्याविषयी बरेच लिहिले जाते. ते थोडे मोजून पाहावे. सुकवलेल्या विणकर मुंग्यांत प्रदेश आणि अवस्थेनुसार साधारण एक तृतीयांशापासून निम्म्याहून किंचित अधिक प्रथिने आढळली आहेत. हे प्रमाण उत्तम आहे. मात्र ताज्या मुंगीच्या वजनात मोठा वाटा पाण्याचा असतो. एका माणसाच्या वाट्याच्या चटणीत दहा ग्रॅम ताज्या मुंग्या धरल्या, तर प्रथिने हाती येतात ती ग्रॅम-दीड ग्रॅमच. तोंडी लावणे म्हणून ती मौल्यवान आहे. डाळीची जागा ती घेऊ शकत नाही. जस्त आणि लोह यांसारखी खनिजे तीत आहेत, पण तोही हिशेब चमच्याच्या मापानेच करावा. औषधी गुणांच्या दाव्यांबाबत अधिक सावध असावे. कोविडवर उपाय म्हणून ही चटणी देशभर वापरावी, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये फेटाळली. परंपरेने खाल्ला जाणारा चविष्ट पदार्थ एवढी ओळख तिला पुरेशी आहे. औषध म्हणून विकण्याचा मोह उत्पादक गटांनी टाळलेलाच बरा. कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी मुंग्या खाऊ नयेत, ही सूचना मात्र प्रत्येक विक्रेत्याने द्यावी. कीटक आणि कवचधारी जलचर यांतील काही प्रथिने इतकी सारखी असतात की एकाची ॲलर्जी दुसऱ्यामुळेही उफाळू शकते.

धोटा हाती घेतलेली मुंगी

घरटे कसे बांधले जाते, हे ठाऊक असेल तर ते तोडताना काय गमावले जाते तेही कळते. कामकरी मुंग्या रांगेने पान धरून ओढतात. अंतर जास्त असेल तर एकमेकींची कंबर जबड्यात धरून जिवंत साखळी करतात. पानांच्या कडा जुळल्या की इतर मुंग्या घरट्यातून वाढ झालेल्या अळ्या आणतात. प्रौढ मुंगीला रेशीम काढता येत नाही, अळीला येते. विणकराने धोटा इकडून तिकडे फेकावा, तशी कामकरी मुंगी अळीला जबड्यात धरून एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेते आणि त्या तंतूने पाने शिवली जातात. आपले सर्व रेशीम घरट्याला दिल्यामुळे या अळ्या स्वतःभोवती कोश विणत नाहीत आणि त्यांचे कोष उघडेच राहतात. चटणीला येणारा मऊपणा काही अंशी यामुळेच.

एक वसाहत म्हणजे एक घरटे, असे समजू नये. पूर्ण वाढलेली वसाहत अनेक झाडांवर पसरते आणि तिची घरटी डझनावारी असतात. सामान्यतः राणी एकच असते आणि ती त्यांपैकी एकाच घरट्यात राहते. अंडी आणि अळ्या कामकरी मुंग्या तेथून इतर घरट्यांत नेतात. राणी गेली तर वसाहतीला नवी राणी करता येत नाही. उरलेल्या मुंग्या काही काळ हिंडताना दिसतात, बागायतदाराला सारे ठीक वाटते, आणि हळूहळू झाडे रिकामी होतात. नव्या राणीपासून भरभक्कम वसाहत उभी राहायला साधारण दोन-तीन वर्षे लागतात.

सोळाशेहून अधिक वर्षांची राखण

इ.स. ३०४ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या, जी हान यांच्या नावे असलेल्या चिनी ग्रंथात, संत्रावर्गीय फळबागांसाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याची नोंद आहे. किडींच्या नियंत्रणासाठी मित्रकीटक मुद्दाम सोडल्याचा हा सर्वांत जुना लेखी दाखला मानला जातो. मुंग्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर जाता यावे म्हणून बांबूचे पूल बांधल्याचे उल्लेख पुढील काळातील चिनी लेखनात येतात. अलीकडे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी काजू व आंब्यात दीर्घकाळ काम करून या मुंगीला आधुनिक कीड व्यवस्थापनात जागा मिळवून दिली.

आपल्याकडे काजूवरील ढेकण्या पालवी, मोहोर आणि कोवळ्या बोंडांतील रस शोषून पीक जाळल्यासारखे करतो. विणकर मुंग्यांचा वावर भरपूर असलेल्या झाडावर त्याला निवांतपणे बसून रस शोषता येत नाही. मुंगी त्याला प्रत्येक वेळी मारतेच असे नाही. हुसकावून लावणे हेही मोठे काम आहे.

या मुंगीचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर शेतकरी आपल्यावर विश्वास ठेवणार नाही. गोड स्रावासाठी ती पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांना सांभाळते, त्यांच्या शत्रूंना हाकलते. काढणीच्या वेळी मजुरांना चावते, आणि बहुतेक बागांत तिच्यावर फवारा मारला जातो तो याच कारणाने. पिठ्या ढेकणासाठी प्रादुर्भाव झालेल्या फांदीपुरतीच साबणाच्या द्रावणाची फवारणी करावी. साऱ्या बागेत पिरेथ्रॉइड मारल्याने मुंगी आधी मरते. काढणी सकाळच्या थंड वेळी, मुंग्यांची वर्दळ कमी असताना, आणि हातांना राख चोळून करावी.

शेजारच्या दोन वसाहती एकमेकींशी प्राणपणाने लढतात. त्यांच्या सीमेवरील झाडांवर मुंग्या रोडावतात आणि कीड वाढते, असे ऑस्ट्रेलियातील बागांत दिसून आले. दोन झाडे एकाच वसाहतीची आहेत का, हे ओळखणे सोपे आहे. एका झाडावरील दोन-चार मुंग्या काडीवर घेऊन दुसऱ्या झाडाच्या खोडावर सोडाव्यात. तेथील मुंग्यांनी त्यांना पकडून ताणायला सुरुवात केली, तर वसाहती वेगळ्या. अशा झाडांच्या एकमेकांना भिडणाऱ्या फांद्या छाटाव्यात. एकाच वसाहतीची झाडे मात्र दोरीने जोडून द्यावीत.

काढायचे काय, ठेवायचे काय

चटणी आणि राखण यांची सांगड घालता येते, असे म्हणताना हमखास थायलंडचा दाखला दिला जातो. तेथे या मुंगीची 'अंडी' महाग विकली जातात. प्रत्यक्षात ती भावी राण्यांच्या अळ्या आणि कोष असतात. लांब बांबूला टोपली बांधून घरट्याला भोक पाडतात, कोष टोपलीत पडतात आणि कामकरी मुंग्या बव्हंशी झाडावर परततात. योआखिम ओफेनबर्ग आणि त्यांच्या थाई सहकाऱ्याने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा काढणीमुळे झाडावरील कामकरी मुंग्यांची संख्या घटली नाही. भावी राण्या तशाही पहिल्या पावसाबरोबर उडून जाणार असतात. त्यांना काढल्याने वसाहतीचे मनुष्यबळ कमी होत नाही.

आपल्या चटणीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. काई आणि चापडा यांत कामकरी मुंग्याही वाटल्या जातात, आणि आंबटपणा मुख्यत्वे त्यांचाच असतो. येथे घरटे संपूर्ण कापले जाते. म्हणजे थायलंडमध्ये उपवर राण्यांची पिढी उचलली जाते, तर आपण राखणदारांनाच उचलतो. कापलेल्या घरट्यात राणी असेल, तर पुढच्या हंगामाचाही प्रश्न निकालात निघतो.

मेक्सिकोतील ओआहाकाची साल्सा येथे आठवते. पहिल्या मोठ्या पावसानंतर तेथे पाने कापणाऱ्या मुंग्यांच्या पंखवाल्या राण्या, म्हणजे चिकाताना, भुयारातून बाहेर पडतात. लोक त्या वेचतात, तव्यावर भाजतात आणि मिरची-लसणासोबत वाटतात. वर्षातून मोजकेच दिवस मिळणाऱ्या त्या साल्साला भाव उत्तम येतो आणि जमिनीखालचे वारूळ जागच्या जागी राहते. गंमत अशी की तेथील ती मुंगी पिकाची शत्रू आहे आणि तरीही तिचे वारूळ वाचते. आपली मुंगी मित्र असून तिचे घर तोडले जाते.

म्हणून संकलनाची शिस्त मानांकनाइतकीच महत्त्वाची आहे. माझ्या मते, एका वसाहतीच्या घरट्यांपैकी एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक घरटी काढू नयेत आणि त्याच हंगामात पुन्हा त्या वसाहतीकडे वळू नये. राणीचे घरटे बाहेरून खात्रीने ओळखता येत नाही. तेव्हा वसाहतीच्या मधल्या झाडावरील शेंड्याकडची, सर्वाधिक गजबजलेली घरटी सरसकट सोडून द्यावीत. काठावरील झाडांची, खालच्या फांद्यांवरील घरटी घ्यावीत. काजूला पालवी आणि मोहोर येण्याच्या काळात बागेतील घरट्यांना हात लावू नये, कारण ढेकण्याचा धोका तेव्हाच असतो. जंगलातून संकलन करायचे असल्यास वनविभागाचे नियम पाळावेत. आणि फवारणी झालेल्या बागेतील मुंग्या चटणीसाठी कधीही घेऊ नयेत. त्या जिवंत दिसतात म्हणून निर्धोक ठरत नाहीत.

ज्या गावांत चटणीची परंपरा आहे, तेथे हा विषय शेतीशाळेत संग्राहक स्त्रियांसमोरच मांडावा. कोणते झाड केव्हा रिकामे झाले, याची आठवण त्यांच्याजवळ आपल्या नोंदवहीपेक्षा अधिक असते. गटाने वसाहतनिहाय झाडांना खूण करून घरट्यांची संख्या वर्षातून दोनदा लिहून ठेवली, तरी संकलन जास्त होते आहे की नाही, हे दोन वर्षांत उघड होईल.

बाटलीबंद चटणीचा प्रश्न स्वतंत्र आहे. द्रोणातील चटणी त्याच दिवशी संपते. बाटलीतील चटणीने महिनोन्‌महिने टिकावे अशी अपेक्षा असते. ती टिकवण्यासाठी गरम करावी, तर फॉर्मिक आम्ल वाफेबरोबर काही प्रमाणात उडून जाते आणि जिच्यासाठी ग्राहक पैसे देतो ती चवच फिकी पडते. मुंग्या उन्हात सुकवल्या तरी तसेच होते. आंबटपणा आहे म्हणून जंतू नसतील, असेही गृहीत धरता येत नाही. ज्या गटांना बाटली भरायचीच आहे, त्यांनी आम्लता, मीठ आणि उष्णतेची मात्रा अन्न प्रक्रिया प्रयोगशाळेतून ठरवून घ्यावी, आणि तोवर जवळच्या बाजारात ताजी चटणीच विकावी. तिला गिऱ्हाईक आहे, आणि थोडक्या घरट्यांत ते भागतेही.